कात्रीची आई आणि मंडळीची यादी

सरांचा कोट आखूड करायचा होता, एवढंच निमित्त.

सर म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि सध्या बॅप्टिस्ट मंडळीच्या शताब्दी ग्रंथाचे संपादक. कोट घेऊन ते कात्रीच्या दुकानात आले, बाह्यांचं माप देऊन झालं, आणि निघता निघता त्यांना राहवलं नाही. पिशवीतून त्यांनी एक मोठा कागद काढून शिवणाच्या टेबलावर पसरला. पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं, छापखान्यातून नुकतंच आलेलं.

चित्र सुरेख होतं, यात वाद नाही. चर्चमधली कपडे बदलायची खोली, तिथली पांढरी भिंत, भिंतीला खुंटी, खुंटीवर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा आणि त्यावर खिडकीतून पडलेलं ऊन. खाली सोनेरी अक्षरांत ‘विश्वासाची शंभर वर्षं’.

“कसं वाटतंय?” सर म्हणाले.

कात्रीने चष्मा पुसला, परत लावला आणि चित्रावर वाकली. “झगा आईचा आहे.”

“म्हणजे?”

“आईने शिवलेला. आत तिचं नाव कुठल्या पानावर आहे?”

सरांनी घसा साफ केला. माणूस घसा साफ करायला लागला की पुढे काहीतरी अशोभनीय येणार, असं कात्रीचं जुनं मत आहे आणि ते सहसा चुकत नाही. “त्याचं असं आहे,” सर म्हणाले, “पुस्तकाच्या शेवटी आपण सगळ्या सभासदांची यादी देतोय, अगदी पहिल्या दिवसापासूनची. फक्त मंडळीने ज्यांना कमी केलं, त्यांची नावं घेतलेली नाहीत. समितीत ठरलं तसं. आनंदाचा प्रसंग आहे, उगाच जुनं उकरून कशाला काढायचं.”

“म्हणजे झगा घेतलात आणि बाई टाकलीत.”

“तसं नाही हो.”

“कसं आहे मग?”

 सर कागदाची गुंडाळी करायला लागले आणि ती काही केल्या नीट होईना. “कोट शुक्रवारी न्या,” कात्री म्हणाली आणि मशीनकडे वळली.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत असताना कुणीतरी ठेवलं आणि चिकटलं. जीभ चालायला लागली की समोरच्याचे तुकडे पडतात, म्हणून कात्री. पुढे तिने धंदाही तोच धरला, तेव्हा नाव कायमचं झालं. पासष्टीची बाई, अंगाने बारीक, केस आखूड कापलेले, गळ्यात मापाची फीत. नवे कपडे ती फारसे शिवत नाही. लोकांचे जुने कपडे उसवून, आत घेऊन, बाहेर सोडून, पुन्हा अंगाला येतील असे करून देते. दुकानाच्या अर्ध्या भागात तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. एकाच खिडकीतला उजेड दोघं वाटून घेतात. तो दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं ती दुकानाचं कुलूप काढताना बोलून मोकळी होते, आणि तिची बडबड चालू असल्याशिवाय आपला हात स्थिर राहत नाही, असं तो गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगतो.

त्या दिवशी मात्र मशीनही बंद होतं आणि तोंडही. नवऱ्याने डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढून तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवला.

आता हे ‘कमी करणं’ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळायचं नाही.

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचं मूळ म्हणणं साधं आहे. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झालं, हे त्यांना मान्य नाही. ज्याला कळतं आणि ज्याला मनापासून वाटतं, त्याने स्वतः उभं राहून तसं सांगायचं, मग हौदात उतरायचं आणि डोक्यापर्यंत पाण्याखाली जाऊन वर यायचं, हाच त्यांचा बाप्तिस्मा. आईबापाने लेकराच्या वतीने हो म्हणायचं नाही, नवऱ्याने बायकोच्या वतीने नाही, पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, तर कुणाच्याच नाही. या एका गोष्टीपायी त्यांच्या पंथातल्या पूर्वजांनी युरोपात मार खाल्ला, तुरुंग पाहिले. दुसरी गोष्ट अशी की त्यांच्यात वर कुणी बिशप बसलेला नसतो. सभासदांची सभा हीच मंडळी. सभा घेईल तो आत, सभा कमी करील तो बाहेर. आणि जे काही होईल ते लिहून ठेवायची यांना फार हौस. कोण कधी बुडाला, कोण पत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत गेला, दारूवरून कुणाला समज दिली, ऑर्गनचा भाता फाटला त्यावर कोण कोण बोललं, सगळं कपाटात आहे. त्यात गुपित काही नाही. मागितली तर किल्ली मिळते.

कात्रीची आई या मंडळीची शिवणकाम करणारी बाई. चर्चच्या मधल्या भागात फळ्यांखाली हौद आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी फळ्या उचलायच्या, हौद भरायचा. त्यात उतरणाऱ्यांसाठी आईने पांढऱ्या जाड सुती कापडाचे झगे शिवले होते. पाण्यात गेल्यावर झगा फुगून वर येतो आणि बायकांची पंचाईत होते, म्हणून घेराच्या दुमडीत तिने शिशाचे तुकडे घालून शिवले. हातशिलाई केली, कारण मशीनची शिलाई ओल्या कापडात तेवढा भार धरत नाही, असं तिचं म्हणणं. बायकांना झगे घालायचं कामही तिचंच. आणि त्यात तिची एक पद्धत होती. झगा डोक्यावरून घालायच्या आधी ती तो हातात धरून प्रत्येकीला विचारायची, “स्वतःहून उतरतेयस ना?”

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, सभेपुढे माणूस हो म्हणतो तेव्हा त्याच्यावर सगळ्यांचे डोळे असतात. इथे खोलीत फक्त दोघी असतात, तेव्हा एकदा इथेही विचारावं. बहुतेक जणी हसून हो म्हणायच्या आणि हात वर करायच्या.

एका वर्षी बाहेरच्या मंडळ्यांचे पाहुणे येणार होते. तेव्हाच्या पाळकांना पाहुण्यांपुढे हौद भरलेला दाखवायचा होता, नुसता पाण्याने नव्हे, माणसांनीही. माणसं कमी पडत होती. तेव्हा मंडळीच्या मुख्य डीकनांनी आपली तेरा वर्षांची मुलगी पुढे केली. डीकन म्हणजे मंडळीचा कारभार बघायला सभेने निवडलेले सेवक. या डीकनांची लाकडाची वखार होती आणि सगळे त्यांना वखारवालेच म्हणत. मुलीने सभेपुढे स्वतः साक्ष द्यायची असते. ती वखारवाल्यांनीच दिली. मुलगी लाजाळू आहे, घरी सगळं विचारून झालंय, असं म्हणाले. सभेने माना डोलावल्या. चर्चचं छप्पर वखारवाल्यांच्या लाकडावर उभं होतं, माना न डोलावून जातील कुठे. स्वतःच्या तोंडाने हो म्हणण्यासाठी ज्यांचे पूर्वज तुरुंगात गेले, त्यांनी एका मुलीचा होकार बापाच्या तोंडून ऐकून घेतला आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आईने झगा हातात धरून त्या मुलीला विचारलं, “स्वतःहून उतरतेयस ना?”

मुलगी म्हणाली, “नाही. बाबांनी सांगितलंय.”

आईने झगा पुन्हा खुंटीला अडकवला. मुलीला तिचे बूट घालायला लावले आणि मागच्या दाराने घरी पाठवलं. मग बाहेर ऑर्गन वाजत असताना हौदाच्या काठाशी जाऊन पाळकांना म्हणाली, “ती येणार नाही. तिला यायचं नाहीये.” आवाज हळूच होता, पण पहिल्या बाकावरच्या पाहुण्यांना ऐकू गेला. तोच तिचा गुन्हा.

पुढच्या सभेत तिला सांगण्यात आलं, की विधीत अडथळा आणलास, सेवकाचा चारचौघांत अपमान केलास, माफी माग. आई म्हणाली, “मी फक्त विचारलं. विचारायचं नसतं असं कुठे लिहिलंय ते दाखवा, मागते.” कुणी दाखवलं नाही. दाखवणार कुठून, लिहिलंय ते नेमकं उलटं. पण हात वर झाले. काही चटकन झाले, काही शेजाऱ्याचा हात बघून झाले. इतिवृत्तात एक ओळ पडली, की सदर बाईंना शिस्तभंगाबद्दल यादीतून कमी करण्यात येत आहे. त्यानंतरच्या महिन्यात ती मुलगी हौदात उतरली. कपडे बदलायच्या खोलीत तेव्हा दुसरी बाई होती आणि ती कुणाला काही विचारत नसे.

कमी केलेल्या माणसाला चर्चचं दार बंद नसतं. यावं, बसावं, गावं. सभेत मत देता येत नाही, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची, भाकर घेता येत नाही, एवढंच. एवढंच म्हणजे सगळंच. आई यायची. शेवटच्या बाकावर बसायची, एका बाजूला कात्री, दुसऱ्या बाजूला वडील. वडील पोस्टात टपाल लावायचे आणि ते पूर्ण सभासद होते. महिन्यातून एकदा भाकरीचं तबक हातोहात फिरत यायचं. पहिल्या वेळी वडिलांनी तुकडा घेतला आणि तबक आईकडे दिलं. आईने ते कात्रीच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे दिलं. त्या माणसाने तिच्या हातातलं तबक घेताना मान फिरवली होती, हे नऊ वर्षांच्या कात्रीने खालून पाहिलं. पुढच्या महिन्यापासून वडीलही न घेता तबक पुढे सरकवू लागले. मरेपर्यंत त्यांनी ती भाकर तोंडात घातली नाही. का, असं त्यांना एकाही डीकनाने विचारलं नाही. त्यांचं नाव मात्र यादीत आहे, सरांच्या पुस्तकातही आहे.

आणि झगे? झगे येतच राहिले.  बाईला यादीतून काढलं, पण तिच्या हातांना नाही. शिलाई उसवली की कुणीतरी झगे कागदात गुंडाळून घरी आणून टाकायचं, बहुतेक दाराशी ठेवूनच जायचं. आई ते धुवायची, उसवलेला घेर पुन्हा शिवायची, इस्त्री करून परत पाठवायची. कात्री मोठी झाली, जिभेला धार आली, तेव्हा एकदा तिने ते बोचकं उचलून जिन्यात भिरकावलं होतं. आईने खाली जाऊन उचलून आणलं.

“तू त्यांचं का करतेस?”

“झगा त्यांचा नाही,” आई म्हणाली. “घालणारीचा आहे. तिने काय केलंय?”

कात्रीने बाप्तिस्मा घेतला तो बऱ्याच उशिरा, लग्न ठरल्यावर. घ्यायचाच नाही असं तिने कित्येक वर्षं ठरवलं होतं. मग वाटलं, यांच्यावरच्या रागापायी आपण का कोरडं राहायचं. आईला त्या खोलीत यायची परवानगी नव्हती, म्हणून तिने घरीच, मशीनवरून मान वर न करता विचारलं, “स्वतःहून ना?” कात्री म्हणाली, “स्वतःहून. आणि चिडून.” आई म्हणाली, “चालतं.”

आई गेली तेव्हा अख्खी मंडळी दफनाला आली. लोक रडले. काय पण मायाळू बाई होती, म्हणाले. कात्रीने एकेकाचं तोंड पाहून घेतलं आणि घरी येऊन हातपाय धुतले.

त्यामुळे सरांनी कोट नेल्यावर लगेच ती पाळकांकडे गेली यात नवल नाही. हल्लीचे पाळक तरुण आहेत, मनाने चांगले, आणि वाद म्हटला की लांब पळणारे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. पुस्तकाची यादी चर्चच्या यादीबरहुकूम असते, आईचं नाव पुस्तकात हवं तर आधी ते सभेने पुन्हा यादीत घ्यायला हवं, असं ते म्हणाले.

“मग घ्या.”

“तसं एकदम नाही येत घेता. कमी केलेल्या माणसाने स्वतः सभेपुढे उभं राहून विनंती करायची असते. त्याच्या वतीने दुसऱ्याला नाही करता येत. तुम्हाला तर माहीतच आहे, आपल्यात कुणी कुणाच्या वतीने काही करत नाही.”

 ज्या नियमासाठी आई बाहेर गेली, तोच नियम आता तिला बाहेर ठेवायला पुढे आला होता. वखारवाल्यांच्या वेळी कुठे गेला होता तो, असं विचारायला कात्रीने तोंड उघडलं. पण हा पोरगा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्याच्यावर तोंड टाकून काय होणार होतं. ती उठून आली.

दुकानात आल्यावर तिने सगळं नवऱ्यावर काढलं. नियम, समिती, सर, सोनेरी अक्षरं, कुणालाच सोडलं नाही. नवरा एका मनगटी घड्याळाचं झाकण बसवत होता. त्याला ते बसवून होईपर्यंत तिचा दम संपला.

“अगं, पण तू मेलेल्या बाईला कशाला उभी करतेस?” तो म्हणाला. “तिने काय केलं होतं? ज्यांनी केलं त्यांना उभं कर. ती मंडळी तर जिवंत आहे ना?”

आणि पुन्हा भिंगाची नळी डोळ्याला लावून बसला.

शताब्दीच्या आधीची शेवटची सभा चर्चच्या मागच्या दालनात भरली. तिथे भिंतीवर जुन्या डीकनांचे फोटो आहेत, त्यात वखारवालेही आहेत, मिशा आणि कॉलरसकट. त्यांच्या बरोबर खाली पहिल्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. तीच ती तेरा वर्षांची मुलगी. मोठी झाल्यावर नर्सिंग शिकली, मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होऊन निवृत्त झाली, आणि आता सगळे तिला मेट्रनबाईच म्हणतात. कडक इस्त्रीची बाई. शताब्दी समितीतही ती होती. ज्या बैठकीत कमी केलेल्यांची नावं वगळायचं ठरलं, त्या बैठकीत ती मूग गिळून बसली होती.

पुस्तकाचा विषय निघाला तशी कात्री उठली. “आईला परत घ्या असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “तिला विनंती करता येत नाही, ती मेलीय. आणि जिवंत असती तरी केली नसती. माझं म्हणणं मंडळीबद्दल आहे. त्या दिवशी या मंडळीने एका मुलीच्या वतीने तिच्या बापाला हो म्हणू दिलं, आणि तिला विचारणाऱ्या बाईला हाकललं. ती माणसं गेली, पण मंडळी तीच आहे ना? शंभर वर्षं तीच आहे म्हणूनच आपण पुस्तक काढतोय. मग माफी मागायची वेळ आली की तेवढी ती मंडळी वेगळी कशी होते?”

 मग सर उठले. ते वाईट माणूस नव्हेत, हे सांगायलाच हवं. पण काही लोकांना शांतता इतकी प्रिय असते की ती कुणाच्या उरावर बसून मिळालीय याची ते चौकशी करत नाहीत. ते म्हणाले, की तो काळ वेगळा होता. आजच्या मापाने कालची माणसं मोजू नयेत. शिवाय वखारवाल्यांचे उपकार मंडळी विसरू शकत नाही. ते बसताना त्यांच्या कोटाची बाही मनगटावर अगदी बेतशीर बसली होती.

“काळ वेगळा होता,” कात्री म्हणाली, “पण शास्त्र तर हेच होतं ना, सर? आणि त्या काळात एका बाईला ते बरोबर कळलं होतं. फक्त तिला बसायला जागा तुम्ही शेवटच्या बाकावर दिलीत.”

पाळकांनी कपाळावरचा घाम पुसला. ठराव मताला टाकावा की पुढच्या महिन्यावर ढकलावा, असं ते चिटणिसांना हळूच विचारायला लागले. तेवढ्यात मेट्रनबाई उभ्या राहिल्या. खुर्चीच्या पाठीचा आधार घेत, सगळ्यांकडे तोंड करून.

“ती मुलगी मी,” त्या म्हणाल्या.

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फक्त आजवर ते कुणी म्हटलं नव्हतं.

“मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही विचारलं ते त्या बाईंनी. मी नाही म्हटलं. त्यांनी माझं ऐकलं. घरी गेल्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. पुढच्या महिन्यात मला उतरवलं, तेव्हा कुणी विचारलंच नाही. मी पाण्याखाली गेले आणि वर आले, आणि तेव्हापासून यादीत आहे. यादीत खोटं नाव कुणाचं असेल तर ते माझं आहे. ते काढा.”

“मेट्रनबाई, बसा तुम्ही,” सर कळवळून म्हणाले. “असं कसं काढणार? तुमची इतक्या वर्षांची सेवा आहे.”

“सेवा आहे. बाप्तिस्मा नाही. तो मला आता घ्यायचाय. पण आधी या बाईंचं जे आहे ते करा.”

मग पाळकांनी पहिल्यांदा पाळकासारखं काहीतरी केलं. हात वर करा म्हणाले नाहीत. म्हणाले, “हे शेजाऱ्याकडे बघून करायचं नाही. ज्याला ही चूक आपली वाटते त्याने स्वतःहून उभं राहावं.” आणि ते स्वतः उभेच होते, तर खाली बसले आणि पुन्हा उभे राहिले.

लोक उठले. एकदम नाही, एकेक करून, खुर्च्या करकरवत. काही जण बसून राहिले आणि जमिनीकडे बघत राहिले. सर शेवटपर्यंत बसले होते. उठणारे जास्त होते, हे मोजल्याशिवाय दिसत होतं. कात्रीला वाटलं होतं, असं झालं की छातीतलं काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. उलट तिला जास्तच संताप आला. इतकं सोपं होतं तर हे. नुसतं उठायचं होतं. आई जिवंत असताना यातलं कुणी एकदाही उठलं नाही.

इतिवृत्तात काय लिहायचं, असं चिटणिसांनी विचारलं. मंडळीने चूक कबूल केली असं लिहा, कात्री म्हणाली. आणि पुस्तकात आईच्या नावापुढे एवढंच छापा, की ही बाई झगे शिवायची आणि प्रत्येकीला विचारायची. सरांनी मान न हलवता ते टिपून घेतलं. तसं छापलं गेलं.

शताब्दीच्या दिवशी हौदावरच्या फळ्या उचलल्या. उतरणारी एकच होती. मेट्रनबाईंनी निरोप पाठवला होता, की झगा कात्रीने घालावा. नाही म्हणायचं कात्रीच्या ओठांवर होतं. पण झगे आदल्या आठवड्यातच तिच्याकडे आले होते आणि तिने घेराची शिलाई पुन्हा घालून दिली होती, आईसारखीच, हाताने.

कपडे बदलायची खोली होती तशीच आहे. भिंत, खुंटी, खिडकी. म्हातारी बाई आतल्या कपड्यांवर बाकावर बसली होती, पाय गार पडलेले, इस्त्री कुठे राहिली नव्हती. बाहेर ऑर्गन सुरू झाला.

“मी बोलायला हवं होतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुझी आई मागच्या बाकावर बसायची, मी पुढच्या. दर महिन्याला मी भाकर घ्यायचे आणि तबक मागे जायचं. मला माहीत असायचं ते कुणाकडे जातंय. मला माफ कर.”

कात्रीने झगा खुंटीवरून काढला. शिशाने तो हाताला जड लागत होता.

“ते मला नाही करता येत,” ती म्हणाली. “माझं काही तुम्ही केलं नाही. जे केलं ते तिचं केलंत, आणि तिच्या वतीने मी माफ करू शकत नाही. आपल्यात तसं चालत नाही. ती इतकी वर्षं तिथेच बसली होती, बाई. तुमच्यात आणि तिच्यात बाकं होती, दुसरं काही नव्हतं. चालत यायचं होतं.”

मेट्रनबाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत आणि कात्रीनेही त्यांची समजूत घातली नाही. ऑर्गनचं पहिलं कडवं संपून दुसरं सुरू झालं. बाहेर मंडळी थांबली होती.

कात्रीने झगा दोन्ही हातांत धरला. तिचा राग गेला नव्हता आणि जायची घाईही तिला नव्हती. पण हातात झगा होता आणि समोर घालणारी होती.

“स्वतःहून उतरताय ना?” तिने विचारलं.

“हो,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि हात वर केले.